कोरडी राख

आमच्या मागच्या भिंतीवर बाहेरून डबडं वाजायचं. टण, टण. जरा थांबून अजून एकदा टण. पहाटे ते वाजलं की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंथरुणात उठून बसायच्या. दाराची कडी काढता काढता त्यांचं ठरलेलं बोलणं असायचं, "इतका उशीर? मी काय हितंच बसू का?" बाहेर शेजारची म्हातारी खुदकन हसायची. मग दोघी आपापलं डबडं घेऊन नाल्यापलीकडच्या बाभळींकडं जायच्या. मी लग्न होऊन वालूरजवळच्या या गावात आले, त्याच्याही आधीपासून हे चालू होतं. पाऊस असो, थंडी असो, घरात पाहुणे असोत, यांची जोडी फुटायची नाही. गावातल्या निम्म्या सोयरिकी त्या बाभळींखालीच जमल्या आणि मोडल्या असतील.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. ‘उघड्यावर शौचास बसू नये’ हे शाळेच्या भिंतीवर गेरूनं मीच लिहिलंय, चांगल्या वळणदार अक्षरात. आणि माझ्याच घरातून रोज पहाटे डबडं निघायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा. तुम्ही म्हणाल, घरी संडास नव्हता का? होता की! योजनेतला होता, निळ्या दारासकट होता. पण आमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पाण्याचा थेंब पोटात घेत नाही. कसला शोषखड्डा न् कसलं काय! पहिल्याच मोठ्या पावसात खड्ड्यातलं सगळं वर आलं आणि अंगणभर पसरलं. आत्याबाईंनी नाकाला पदर लावला तो लावलाच. उन्हाळ्यात तर टँकरचं पाणी. ते प्यायचं का संडासात ओतायचं? शेवटी त्या निळ्या दाराआड आम्ही कापसाच्या पऱ्हाट्या रचल्या आणि विषय संपवला.

मग ती शेजारची म्हातारी पडली.

थंडीचे दिवस होते. नाला ओलांडायला मधोमध एक चपटा दगड आहे, त्यावर दवानं पाय घसरला. आत्याबाई सोबतच होत्या. त्यांनी एकटीनं तिला ओढून काठाला आणली आणि मग अनवाणी पळत घरी आल्या, बोंब मारत. मी त्यांना तसं पळताना कधी पाहिलं नव्हतं. म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. परभणीला नेलं, ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवून स्क्रू मारले. घरी आली ती बाजेवरच. येईल जाईल त्याला ती हाडाचा फोटो दाखवायची, उशाखालून काढून, खिडकीच्या उजेडाकडं धरून. सगळे स्क्रू सरळ आणि खालचा एकच वाकडा. डॉक्टर म्हणाले, राहू द्या, त्रास नाही. म्हातारी म्हणायची, "बगा, ह्यो बी माज्यावानीच निगाला, वाकडा." आत्याबाईंना तर तिनं तो फोटो इतक्यांदा दाखवला असेल की त्यांना तो पाठ झाला होता.

आता आत्याबाई एकट्या जायला लागल्या.  त्यांचंही वय झालेलं, डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे कुरकुरणारे. त्या परत येऊन पायावर पाणी घेत नाहीत तोवर माझा चहाचा घोट घशाखाली उतरायचा नाही. हे, म्हणजे माझे मालक, म्हणायचे, "आई कुणाचं ऐकलीय का आजपर्यंत?" बरं बोलले! आई यांची आणि घोर मला.

त्याच सुमाराला एक संस्था आमच्या भागात आली. पाण्याविना चालणारा संडास बांधून द्यायची. काळ्या मातीत खड्डा चालत नाही ना, मग खड्डाच नको म्हणाले. जमिनीच्या वर दोन बंद कप्पे, त्यांच्यावर बसायची जागा, चढायला पायऱ्या. पुढचं पाणी नळीनं वेगळं कॅनमध्ये जातं आणि मागचं तेवढं कोरडं खालच्या कप्प्यात पडतं. धुवायची जागा बाजूला. उठलं की वरून मगभर राख टाकायची, संपलं. पाणी नको, वीज नको. वास ओढून घ्यायला काळा पाइप, त्याच्या तोंडाशी बारकासा पंखा, तो उन्हाच्या, म्हणजे सोलरच्या, पाटीवर फिरतो. एक कप्पा भरला की बंद करून ठेवायचा, दुसरा वापरायचा. वर्षानं उघडलं की आत नुसती माती, शेताला टाका. मला ते इतकं पटलं की मी शाळेतून तशीच त्यांच्या माणसाला घेऊन घरी आले. शेणखताच्या उकिरड्याशेजारी आमचा संडास उभा राहिला, गावातला पहिला.

आत्याबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. पायऱ्या बघितल्या, वरनं भोक बघितलं, राखेची बादली बघितली. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "खड्ड्यावर बसायचं, वरून राख टाकायची. मेल्यावर करायचं ते जित्तेपणीच उरकून घेतीस व्हय माजं?"

 आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. शेतात खड्डा घेतात, मांडी घालून बसवतात, अंगाला विभूती लावतात, विभूती न् मीठ टाकून वर माती लोटतात. आत्याबाई रोज सकाळी गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा करणाऱ्या, कपाळाला भस्माचे पट्टे ओढल्याशिवाय पाण्याला न शिवणाऱ्या. राख म्हणजे महादेवाच्या अंगावरची वस्तू, ती असल्या कामाला? मी नरमाईनं सांगून बघितलं, रागावून बघितलं. त्या हूं की चूं करायला तयार नाहीत. डबडं घेतलं आणि निघाल्या.

त्यांना वळवलं ते शेजारच्या म्हातारीनं. बाजेवर पडल्या पडल्या आत्याबाईंचं मनगट धरून ती म्हणाली, "माजी गत बगायलीस ना? सून भांडं लावती अन् तोंड फिरवती. मला लाजेनं मरायची वेळ आली गं. गुमान बस जा तिथं. मला न्हाई मिळालं, तू तरी बस."

दुसऱ्या दिवशी पहाटे पायऱ्यांवर पावलं वाजली. मी गोधडीत हसले आणि रडलेही.

एकदा बसल्यावर मात्र आत्याबाईंनी तो संडास ताब्यातच घेतला. राखेचा कारभार त्यांच्याकडं. "थेंबभर पानी आत पडलं तर बग!" हा दम मालकांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना. राख आणली की स्वतः चाळायच्या, ज्वारीच्या पिठासारखी, कारण वीटभट्टीच्या राखेत खिळे, कोळसे, विटेचे तुकडे निघायचे. आमच्याकडं गॅस आला तशी चूल गेली, घरची राखच होईना. म्हणून तीनचाकीवाला एक जण भट्टीवरून पोती आणून टाकायचा. चाळून झालं की आत्याबाई भिंतीपलीकडं जाऊन जोडीदारणीला सगळा वृत्तांत द्यायच्या. दोघी पोरींसारख्या हसायच्या.

उन्हाळा सरता सरता म्हातारी गेली. पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यातच ताप. त्यांच्यात जाळतात. दुधना नदी कोरडीठाक, म्हणून पोरांनी अस्थी तेवढ्या गंगाखेडला गोदावरीत नेल्या, बाकी रक्षा मसनवट्यातच राहिली. हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. बायका कुठं जातात मसनवट्यात? आत्याबाई त्या दिवसापासून पहाटे उठून नुसत्या बसायच्या, भिंतीकडं कान देऊन. मग निमूट उठून पायऱ्या चढायच्या. वरचा तो बारका पंखा घुंई घुंई करायचा.

पाऊस लागला आणि भट्ट्या बंद झाल्या. राख संपत आली. तीनचाकीवाल्याला निरोपावर निरोप पाठवले, तेव्हा एकदा दिवस मावळताना तो आला आणि पोती भिंतीच्या बाहेरच टेकवून वळला. एरवी चहा प्याल्याशिवाय हलायचा नाही, वर दुसरा मागायचा.

"अहो, आत आणून ठेवा की. चहा टाकते."

"नगं ताई. आदी आंगुळ करायचीय मला."

"भट्टी तर बंद आहे म्हणता. मग आणली कुठून?"

"कोरडी हाय ना? मंग झालं की," म्हणाला आणि गेला.

दिवस मावळताना कसली आंघोळ, असं एकदा मनात आलं. असेल बाबा घामेजलेला, म्हटलं आणि सोडून दिलं. गल्लीतलं एक कुत्रं आलं, पोती हुंगली आणि तिथंच खाली बसलं. हुसकलं तर उठलं, परत येऊन बसलं. मीच शेवटी ओढत ओढत पोती आत घेतली.

राख मात्र एक नंबर होती. मऊसूत, करडी, ओलीचा मागमूस नाही. आत्याबाई इतक्या दिवसांनी खुलल्या. म्हणाल्या, "ही खरी राख. भट्टीवरची निस्ता कचरा." त्यातली थोडी त्यांनी डब्यात वेगळी काढली आणि देवाची तांब्या-पितळेची भांडी तिनं घासली. अशी लखलखली की मीही हरखले. शेजारची सून, म्हणजे त्या गेलेल्या म्हातारीची सून, भिंतीवरून बघत होती. तिनंही वाडगं पुढं केलं. आत्याबाईंनी ते शीग लावून भरून दिलं.

तशी बरीच राख कप्प्यात गेली. मग एका रविवारी दुपारी पाऊस जरा उघडला होता. आत्याबाई ओट्यावर शेवटचं पोतं चाळत बसल्या होत्या आणि मी समोर शेपूची भाजी निवडत होते. चाळणीत खण्ण वाजलं. त्यांनी बोटांनी चाचपून एक लांबट लोखंडी पट्टी बाहेर काढली. भोकं असलेली, धुरकटलेली.

मी म्हटलं, "बिजागरी दिसतीय कुठल्या दाराची."

आत्याबाईंनी ती पदरानं पुसली. उलटी केली. मग म्हणाल्या, "माजा चष्मा दे."

चष्मा लावून त्यांनी पट्टी उजेडाकडं धरली, अगदी ती म्हातारी फोटो धरायची तशी. भोकांत स्क्रू होते. सगळे सरळ. खालचा तेवढा वाकडा.

आत्याबाई बोट त्या वाकड्या स्क्रूवरून फिरवत राहिल्या. मला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा हातातली जुडी खाली पडली. चाळणीत उरलेले पांढरे तुकडे मी इतके दिवस चुन्याचे खडे समजत होते. माझ्या तोंडातून "अगं आई गं" एवढंच निघालं.

"तीच हाय," आत्याबाई म्हणाल्या.

मी घरात जाऊन तीनचाकीवाल्याला फोन लावला. तोंडात येईल ते बोलले. नरडीचा घोट घेईन म्हटलं. तो आधी ऐकून घेत राहिला, मग त्याचंही डोकं फिरलं. "ताई, पावसाळ्यात कोरडी राख कुटं गावती सांगा बरं? मसनवट्याच्या पत्र्याखाली तेवडी गावती. बाकी घरच्या कुणाबी गड्यानं हात लावताच वळकलं असतं. तुमच्यात जाळत न्हाईत, म्हनून तुमाला कळ्ळं न्हाई. मी काय करू?" आणि फोन ठेवला.  या घरात कुणी कधी चितेची राख पाहिलेलीच नव्हती. म्हणून तर आम्ही तिचं कौतुक केलं.

मालकांनी संध्याकाळी ऐकलं आणि दार लावून घेतलं. "तोंडातून शब्द काढायचा न्हाई. तिच्या पोरांना कळलं तर कुऱ्हाडी निघतील." खरंच होतं ते. आईची रक्षा शेजाऱ्यानं संडासात टाकली, हे कोण ऐकून घेईल? आणि त्या सुनेला कुठल्या तोंडानं सांगू, की बाई, वाडग्यातल्या राखेनं तू भांडी घासलीस ती तुझी सासू होती? दुसऱ्या दिवशी ती भिंतीवरून म्हणालीच, "वैनी, राख ऱ्हायली असंल तर द्या की अजून. लय चांगली होती." मी संपली म्हटलं.  ती म्हणाली, "आमालाबी तसलाच संडास बांधायचाय. आमच्या आत्या पडल्या तवापसून मनात हाय." मी मान हलवली आणि आत आले.

आत्याबाईंनी पट्टी धुतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. देवाची भांडी सगळी कोनाड्यातून खाली काढून ठेवली. संडासाच्या पायरीवर त्यांनी परत पाय ठेवला नाही. मालकांनी दाराला कुलूप लावलं. कप्प्यात काय होतं ते आम्हा तिघांना माहीत होतं, आणि वर पंखा ऊन पडलं की फिरतच होता.

मला वाटलं, आता त्या बाभळींकडं जातील. तिकडंही गेल्या नाहीत. वाट चिखलानं भरलेली, नाल्याला पाणी. मग त्यांनी खाणंच कमी केलं. भाकरी अर्धी, मग चतकोर. पाणी तर ओठ ओले करण्यापुरतं. पोटात गेलंच नाही तर बाहेर जायला नको, हा हिशेब. तोंड सुकलं, डोळे आत गेले, बोलता बोलता झापड यायला लागली. सेलूच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजींच्या पोटात पाणी नाही. असंच चाललं तर किडनी जाईल, मग माझ्या हातात काही नाही." घरी आल्यावर तांब्या पुढं केला तर त्यांनी तोंड फिरवलं.

माझा पारा चढला. मी मुळातच फटकळ. तांब्या आदळला आणि ओरडले, "मरायचंय का तुम्हाला? सरळ सांगा ना एकदा!"

"मरायचं तर हायेच की," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्याच्या आदी तुला एक सांगून ठिवते. त्यो कप्पा उगडू नगं. वरीस झालं तरी नगं. ती तिथं हाय."

"आत्याबाई, असं काय बोलता..."

"मीच लोटलं तिला तिथं. चाळून चाळून. तिनंच मला बस म्हनलं अन् मी तिच्यावरच..." त्यांनी पदराची गाठ मुठीत घट्ट धरली होती. "मला शेतात नेऊ नगा. त्यो संडास पाडा अन् मला तिथंच बसवा. घानीत एकलीला ठिवू का तिला?"

मी तांब्या तिथंच सोडला. स्वयंपाकघरात गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले. इतकी वर्षं या बाईशी भांडले, पण ती नसलेलं घर मी कधी डोळ्यांसमोर आणलं नव्हतं. ते त्या दिवशी आलं.

पहाटे उठले. पऱ्हाट्यांच्या मागून एक जुनं डबडं काढलं, पाण्यानं भरलं. पुढच्या दारानं बाहेर पडून घराला वळसा घालून मागच्या भिंतीशी आले. भुरभुर पाऊस होता. ती म्हातारी जिथं उभी राहायची तिथं चिखलात मी उभी राहिले, आणि डबडं भिंतीवर वाजवलं. टण, टण. जरा थांबून अजून एकदा.

आतून काहीच आवाज आला नाही.  काय करून बसलो आपण, असं झालं. मग कडी वाजली.

आत्याबाई दारात आल्या. भिंतीला हात धरून, केस मोकळे, पदराची गाठ तशीच मुठीत. त्यांनी माझ्या हातातलं डबडं बघितलं. मग म्हणाल्या, "इतका उशीर? मी काय हितंच बसू का?"

"आधी पाणी प्या," मी म्हटलं.  त्या उंबऱ्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायल्या, घटाघटा.

तेव्हापासून आम्ही दोघी जातो. शाळेत पोरं भिंतीवरचं माझं वळणदार अक्षर मोठ्यानं वाचतात आणि मी खाली मान घालून हजेरी घेते. आत्याबाई खातात, पितात. बाभळीखाली बसल्यावर इकडचं तिकडचं बोलतात, कधी माझ्याशी, कधी पदराच्या गाठीशी. कप्प्याचं काय करायचं हे घरात कुणी काढत नाही. त्यांनी जे मागितलंय त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही.

आज पहाटे गेलो तर वरच्या अंगाला रात्रभर पाऊस झालेला. नाल्यातला तो चपटा दगड दिसेना, पाणी त्याच्यावरून चाललं होतं. मी म्हटलं, "आत्याबाई, आज नको. परत फिरू." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. म्हणाल्या, "हितंच पडली ती. बगून पाय टाक." त्यांनी माझा हात सोडला, पदराची गाठ मुठीत धरली आणि पाण्यात पाय घातला. मग मीही घातला.